हसं झालं तरी अंक निघत राहिला : र. धों. कर्वे आणि अशी बाकीची माणसं

मिरजेची_नात

आजोळचं घर पाडायला काढलंय, म्हणून गेल्या रविवारी मी, मामा आणि मामी असे तिघं माळा उतरवत होतो. घंगाळ, पाटा-वरवंटा, पाळण्याच्या कड्या, आजोबांच्या शाळेतल्या हजेरीच्या वह्या, आणि एका पत्र्याच्या ट्रंकेत अगदी तळाला जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला गठ्ठा. सोडला तर आत र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाचे अकरा अंक! पानं पिवळी पडलीत, कोपरे हात लावला की गळतात, पण वाचता येतंय. मामी म्हणाली अगं बाई हे काय, कारण मुखपृष्ठावर चक्क विवस्त्र बाईचं चित्र. मामाने एक नजर टाकली आणि तो दुसऱ्या ट्रंकेकडे वळला. वय वर्षं सत्तरच्या पुढे, पण बहिणीच्या मुलीसमोर त्याला ते बघवेना. म्हणजे बघा, अंक निघाला तेव्हा लोकांना काय झालं असेल.

मी ते अंक घरी आणलेत आणि रोज रात्री एक वाचते. र. धों. म्हणजे रघुनाथ धोंडो कर्व्यांचं नाव अर्थात माहीत होतं, शाळेत महर्षी कर्व्यांच्या धड्यानंतर कुणीतरी हळूच सांगितलेलं असतं तेवढंच. पण प्रत्यक्ष अंक हातात घेतल्यावर मला जे जाणवलं ते लिहायचंय म्हणून हा धागा.

सगळ्यात आधी जाणवतो तो आवाज. वाचक प्रश्न विचारतात, अगदी खाजगी, नवरा-बायकोतले, रोगांचे, पाळी चुकल्याचे, आणि हा माणूस उत्तर देतो ते गणिताच्या मास्तराने फळ्यावर उदाहरण सोडवून दाखवावं तसं. लाजणं नाही, मिटक्या मारणं नाही, उपदेश नाही. ते होतेच गणिताचे प्राध्यापक. आणि हेच लोकांना खुपलं असणार असं मला वाटतं, कारण चोरून वाचायच्या गोष्टी तेव्हाही खपत होत्या, कुणी कोर्टात जात नव्हतं. पण तेच उजेडात, नाव लावून, साध्या मराठीत सांगितलं तर मात्र अश्लील.

ज्यांना फार माहिती नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १८८२, महर्षी धोंडो केशव कर्व्यांचा थोरला मुलगा, आई राधाबाई तो लहान असतानाच बाळंतपणात गेली. पॅरिसला जाऊन गणित शिकून आले. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हा आपल्याकडे असं काही असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. १९२३ ला त्यावर पुस्तक लिहिलं. विल्सन कॉलेजात शिकवत होते, मिशनऱ्यांचं कॉलेज, त्यांना हे काम चाललं नाही आणि नोकरी सोडावी लागली. म्हणजे सनातनी हिंदूंना पटत नव्हतं आणि ख्रिस्ती मिशनऱ्यांनाही नाही, या एका बाबतीत सगळ्यांची एकी. इथे बाकी कुणीही म्हणालं असतं की बाबा आता पुरे. यांनी काय केलं तर १९२७ च्या जुलैत हे मासिक सुरू केलं! लिहायचे स्वतः, प्रुफं स्वतः तपासायचे, आणि पैसे कायम कमी पडायचे. १९३१ ला एका लेखावरून खटला होऊन १०० रुपये दंड, १९३४ ला वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून पुन्हा खटला, २०० रुपये दंड. त्यानंतरही अंक निघतच राहिला. १४ ऑक्टोबर १९५३ ला ते गेले आणि शेवटचा अंक नोव्हेंबर १९५३ चा. सव्वीस वर्षं!!

मला खटल्यांपेक्षा जास्त विचार येतो तो हसण्याचा. खटला दोनदा झाला, हसणं रोजचं. वाटेत कुणी डोळा मारला असेल, कुणी मुद्दाम आत बायका असताना विषय काढला असेल, आणि हा माणूस परत घरी येऊन पुढच्या अंकाचं प्रूफ तपासत बसतो. मला हे जमलं नसतं. ऑफिसात दोन लोक माझ्या मताला हसले तर मी पुढच्या मीटिंगला गप्प बसते, हे खरं सांगते.

तर असे लोक, ज्यांना जगाने हसून काढलं तरी जे होते तसेच राहिले, तुम्हाला कोण आठवतात आणि का आवडतात ते लिहा. नुसती नावं नकोत, काय आवडतं ते सांगा.

केळशीकर

वाचतोय. अकरा अंक म्हणजे ठेवाच आहे, प्लीज टाकून देऊ नका.

वैदेही_ना

सुंदर लिहिलंयस. पण मला नेहमी एकच खटकतं, या गोष्टीत त्यांच्या पत्नी मालतीबाई कुणालाच आठवत नाहीत. नवऱ्याची नोकरी गेल्यावर घर चालवायला कुणाचा तरी पगार लागतो ना? त्या शिक्षिका होत्या. मूल होऊ द्यायचं नाही हा निर्णय दोघांचा. आता विचार कर, त्या काळात लग्न होऊन मूल नाही म्हटलं की हळदीकुंकवाला, मंगळागौरीला बाईकडे कसं बघतात. तिने तोंड उघडून 'आम्हीच नको म्हटलंय' असं सांगायचं म्हणजे वर आणखी बोलणी. रघुनाथरावांना निदान मासिकात उत्तर देता येत होतं, हिला कुठे पान होतं? मी माझ्या लग्नानंतर नऊ वर्षं या प्रश्नाला तोंड देतेय, आमचाही निर्णय दोघांचा आहे, आणि २०२० च्या पुढेसुद्धा नवऱ्याला कुणी विचारत नाही, मलाच विचारतात. ओटी भरताना हात आखडता घेणारी बाई मी स्वतः बघितलीये. त्यामुळे माझ्या लेखी सव्वीस वर्षं हे दोघांची आहेत.

मिरजेची_नात

वैदेही, अगदी. माझ्याकडून राहूनच गेलं, आणि राहायला नको होतं. त्या केंद्रातही त्यांची मदत होती.

आबा_कराडकर

धागा चांगला आहे, कर्व्यांबद्दल आदर आहेच, तरी एक वेगळं मत मांडतो, राग मानू नये. लोक हसले तरी आपलं तेच खरं करणारा माणूस थोर असतोच असं नाही. आमचे थोरले चुलते असेच होते. साखर निघाली, डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, हे म्हणाले विष आहे, आणि एका वैदूच्या काढ्यावर राहिले. आम्ही समजावलं, भावकीतले हसले, तर म्हणायचे 'हसा, ज्ञानोबाला पण हसले होते, तुकोबाची वही पण बुडवली होती'. दोन वर्षांत पाय कापावा लागला आणि पुढच्या पावसाळ्यात गेले. शेवटपर्यंत स्वतःशी प्रामाणिक! त्यामुळे ही 'जगाची पर्वा न करणारी माणसं' वगैरे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. आडमुठेपणा आणि निष्ठा यातला फरक आधी कुणीतरी मला नीट सांगा, मग मी टाळ्या वाजवतो.

केळशीकर

आबा, काकांचं वाचून वाईट वाटलं. मुद्दा बिनतोड आहे.

मिरजेची_नात

आबा, राग कसला, तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. कालपासून डोक्यात तेच आहे. मला सुचलं ते सांगते. तुमचे काका म्हणत होते की लोक हसतायत म्हणजेच मी बरोबर. हसणं हाच त्यांचा पुरावा झाला. कर्व्यांचे अंक वाचताना मला कुठेही 'लोक मला छळतात, बघा मी केवढा मोठा' असा सूर दिसला नाही. रागावतात, टोचून बोलतात, भरपूर बोलतात, पण पुरावा म्हणून पुढे करतात तो डॉक्टरी माहितीचा, आकड्यांचा. कुणी विरुद्ध लिहिलं तर मुद्दा घेऊन उत्तर. आणि दुसरं म्हणजे किंमत कुणी मोजली? कर्व्यांनी स्वतःची नोकरी घालवली, पण ज्यांच्यासाठी लिहिलं त्या बायकांचे जीव वाचणार होते. ज्याची स्वतःची आई बाळंतपणात गेली त्याला हे कुणी वेगळं सांगायला नको. (हे माझं मत झालं, त्यांनी असं लिहिलेलं मी तरी वाचलेलं नाही.)

आबा_कराडकर

पटतंय थोडं थोडं. हसणं हाच पुरावा, हे वाक्य काकांना तेव्हा सांगता आलं असतं तर.

शिवार

मी रोज हे पान वाचते पण लिहीत नाही, आज लिहिते कारण विषय माझ्या कामाचा आहे. बावीस वर्षं आरोग्यसेविका आहे, आधी आदिवासी भागात होते आता तालुक्याच्या गावाजवळ. कर्व्यांनी शंभर वर्षांपूर्वी जे सांगितलं ते मी आजही गावात सांगायला गेले की पहिली पाच मिनिटं हसण्यात जातात. ग्रामसभेत निरोध म्हटलं की मागची पोरं एकमेकांच्या पाठीत गुद्दे मारतात, बायका पदर तोंडाला लावतात आणि सरपंच म्हणतात 'ताई, ते नंतर अंगणवाडीत सांगा बायकांना'. बायकांनाच का? पुरुषाची नसबंदी बायकांच्या ऑपरेशनपेक्षा कितीतरी सोपी आहे. बिनटाक्याची असते, पंधरा-वीस मिनिटं, तेवढाच भाग बधिर करतात, माणूस त्याच दिवशी चालत घरी जातो, फक्त पुढचे तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि मग तपासून घ्यायचं. ताकद जात नाही, काही जात नाही. तरी देशाचा आकडा बघा, २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत बायकांची नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुषांची ०.३ टक्के. ०.३!

तर माझा मोठा माणूस सांगते, तो पेपरात कधी आला नाही. माझ्या जुन्या गावातला, दोन मुली, बायकोचं रक्त कायम कमी, सात-साडेसातच्या वर जायचंच नाही. हा एकटा स्वतःहून कॅम्पला आला. कॅम्पला त्या दिवशी आठ बायका आणि हा एक. रांगेत त्याला बसायला जागा दिली तर म्हणाला मी उभा राहतो, त्यांना बसू द्या. त्यानंतर वर्षभर चहाच्या टपरीवर त्याला काय काय नावं ठेवली ते मी इथे लिहू शकत नाही, बाईलबुद्ध्या हे त्यातलं सगळ्यात सौम्य. तो रोज त्याच टपरीवर चहा प्यायला जायचा. मी एकदा म्हटलं अरे दुसरीकडे जा की, तर म्हणाला 'ताई, चहा इथला चांगला असतो'. दुसऱ्या वर्षी त्याच गावातून तीन पुरुष आले. तिघंही आधी त्याला जाऊन भेटून आले होते, दुखतं का विचारायला.

वैदेही_ना

शिवारताई, तुम्ही अजून लिहा. वेगळा धागाच काढा.

केळशीकर

'चहा इथला चांगला असतो'... ताई, हा माणूस डोक्यातून जाणार नाही आता.

दक्षिणमुंबई

१९३४ च्या खटल्याबद्दल थोडी भर. कर्व्यांचं वकीलपत्र बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं हे अजूनही बऱ्याच जणांना माहीत नसतं. वर्ष लक्षात घ्या. महाडचं चवदार तळं, काळाराम मंदिर, गोलमेज परिषदा, पुणे करार, हे सगळं होऊन गेलेलं, देशभर नाव झालेलं. अशा नेत्याने अश्लीलतेचा आरोप असलेल्या, समाजात कुणी जवळ करत नाही अशा माणसाची बाजू घ्यायची म्हणजे विरोधकांच्या हातात आयतं कोलीत. तरी घेतली. युक्तिवादाचा गाभा असा की लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते अश्लील ठरत नाही, आणि लोक खऱ्या अडचणी विचारतायत तर त्यांना शास्त्रीय उत्तर मिळालं पाहिजे. कोर्टाला पटलं नाही, केस हरले. पण बाबासाहेबांनी विषय सोडला नाही, १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव त्यांच्या पक्षाने मांडला, त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी. तोही फेटाळला गेला. १९५२ मध्ये मात्र भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम अधिकृतपणे हाती घेतला. कर्वे त्यानंतर जेमतेम वर्षभर होते.

मला स्वतःला इथे कर्व्यांइतकेच बाबासाहेब मोठे वाटतात. स्वतःवर लोक हसतात तेव्हा टिकून राहणं एक, आणि दुसऱ्यावर सगळे हसत असताना त्याच्या शेजारी जाऊन उभं राहणं, तेही हरणारी केस घेऊन, हे त्याहून अवघड.

लंडनवारी

१९२१ चा उल्लेख वाचून लिहितेय. त्याच वर्षी मार्चमध्ये इथे लंडनला हॉलोवेत मेरी स्टोप्सबाईंनी क्लिनिक उघडलं, म्हणजे आपले कर्वे जगाच्या मागे नव्हते, बरोबरीने होते. पण आबांच्या मुद्द्याला जोडून सांगते, स्टोप्सबाईंनाही प्रचंड विरोध झाला, चर्चने, डॉक्टरांनी, आणि त्याही मागे हटल्या नाहीत. तरी त्यांचे वंशशुद्धीबद्दलचे विचार आज वाचले की अंगावर काटा येतो, 'कमी दर्जाच्या' लोकांना मुलं होऊ नयेत वगैरे. अखेर २०२० मध्ये त्यांच्या नावाच्या संस्थेनेच नाव बदलून त्यातलं 'मेरी स्टोप्स' काढलं, नुसती आद्याक्षरं ठेवली. त्यामुळे एखाद्याचं धैर्य आवडणं आणि त्याची सगळी मतं उचलून डोक्यावर घेणं, या दोन गोष्टी मी वेगळ्या ठेवते. कर्व्यांचंही तसंच वाचावं असं वाटतं, लेख समोर ठेवून, फोटोला हार घालून नव्हे.

आबा_कराडकर

लाख बोललात ताई.

पौड_रोड

कर्वे घराणंच वेगळं. महर्षींनी १८९३ मध्ये विधवा गोदूबाईंशी पुनर्विवाह केला तर मुरूडला गावाने वाळीत टाकलं. ज्या घरात पोराने लहानपणी हे बघितलं, त्या घरातून र. धों. निघाले. आणि मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाई त्यांच्या धाकट्या भावाच्या, दिनकररावांच्या पत्नी. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या बाई असं त्यांच्याबद्दल सांगतात, माझे वडील लहान असताना रस्त्यावर पोरं खेळ थांबवून बघायची म्हणे. नवऱ्याला नावाने हाक मारायच्या त्याचीही चर्चा. पण मला त्यांचं बर्लिनचं आवडतं. १९२० च्या दशकाच्या शेवटी तिथे पीएचडीला गेल्या, कवट्या मोजून गोऱ्यांचा मेंदू श्रेष्ठ आहे असं दाखवणाऱ्या गुरूच्या हाताखाली, आणि यांनी मोजमापं घेऊन सांगितलं की तसा फरक दिसत नाही. परदेशात, एकटी, गुरूच्याच विरुद्ध. स्कूटर त्यापुढे काहीच नाही.

सखाराम_नव्हे_सखा

मी जिवंत माणसाचं नाव सांगणार. श्रीगौरी सावंत. पुण्यातल्या पोलीस अधिकाऱ्याच्या घरात जन्म, आई लहानपणी गेली, वडिलांना आपला त्रास नको म्हणून कोवळ्या वयात घर सोडलं. आज मालाडच्या मालवणीत 'सखी चारचौघी' संस्था चालवतात, तृतीयपंथी आणि सेक्स वर्कर यांच्यात एचआयव्हीचं, आरोग्याचं काम. तृतीयपंथीयांना मान्यता देणारा सुप्रीम कोर्टाचा १५ एप्रिल २०१४ चा निकाल आला, त्या केसमध्ये त्या होत्या. आई गेलेल्या एका मुलीला त्यांनी वाढवलं. २०१९ ला महाराष्ट्रात निवडणूक आयोगाच्या सदिच्छादूत. म्हणजे कर्वे ज्या रोगांबद्दल लिहायचे तेच काम आज ही बाई गल्लीत उतरून करतेय, आणि सिग्नलला ज्यांना बघून काच वर करतात त्यातली एक म्हणून करतेय.

मला त्या का आवडतात ते सांगतो. माझा धाकटा भाऊ चालतो-बोलतो ते नाजूक आहे, लहानपणापासून. आमच्या गावच्या शाळेत त्याला जे म्हणायचे ते तुम्हाला कळलं असेल. मी दोन इयत्ता पुढे होतो आणि मधल्या सुट्टीत मी त्याच्यापासून लांब उभा राहायचो, मलाही चिडवतील म्हणून. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी सणाला घरी सगळे टीव्हीपुढे बसलो होतो, श्रीगौरींची मुलाखत लागली. साडी, मोठं कुंकू, भारदस्त आवाज, हसून बोलत होत्या, आवाज बारीक करायचा प्रयत्न नाही की काही नाही. वडिलांनी रिमोट उचलला. आणि आई म्हणाली 'असू द्या, चांगलं बोलतेय ती'. भाऊ काही बोलला नाही, पण पाय पोटाशी घेऊन बसला होता तो पाय सोडून बसला. एवढंच झालं. मी दुसऱ्या दिवशी त्याला शाळेतल्या त्या सुट्टीबद्दल सॉरी म्हणालो, वीस वर्षांनी.

शिवार

दादा, म्हणालात हे फार चांगलं केलंत.

दक्षिणमुंबई

सखा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. आभार.

मिरजेची_नात

दोन दिवस उत्तर देता आलं नाही, अंक घेऊन आईकडे गेले होते. सगळ्यांचं वाचलं. शिवारताई आणि सखा, तुम्ही लिहिलंत ते आईला वाचून दाखवलं, तिने चष्मा काढून ठेवला आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली.

एक गोष्ट मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिली नव्हती कारण मला तेव्हा तिचा अर्थ लागला नव्हता. १९४७ च्या एका अंकात प्रश्नोत्तरांच्या पानावर एका उत्तराशेजारी जांभळ्या रेघा आहेत, तीन ठिकाणी, आणि समासात एक बारकी फुली. प्रश्न दोन बाळंतपणांमध्ये अंतर कसं ठेवावं असा आहे. मी धरून चालले होते की अंक आजोबांचे म्हणजे रेघाही आजोबांच्या. शाळामास्तर होते, पुस्तकात खुणा करायची सवय असेल.

आईने पान बघितलं आणि म्हणाली ही आईची पेन्सिल. ती जिभेला लावून लिहायची जांभळी पेन्सिल असायची ना, आजी त्याने दुधाचा आणि परटाचा हिशेब लिहायची, जिभेचं टोक कायम जांभळं. आजोबा शाईचा टाक सोडून दुसऱ्या कशाला हात लावायचे नाहीत.

आईचा जन्म ४६ चा. मामाचा ५३ चा. मधे कुणी नाही, गेलेलंही नाही, हे आईला पक्कं माहीत आहे. आजीच्या दोन्ही जावांना दर दीड-दोन वर्षांनी पाळणा हलत होता आणि आजीला त्यावरून 'हिची कूस मिटली' म्हणून वाड्यात बोलायचे, हे आईने लहानपणी कानांनी ऐकलेलं. आजी उलट बोलायची नाही. चुलीपुढे बसून भाकरी थापत राहायची.

अंक लुगड्यात बांधलेले होते ते लुगडंही आजीचंच निघालं. आईने तो तुकडा मागून घेतला.

आता मला मदत हवी आहे. पानं फार ठिसूळ झालीत, दोन अंकांना कसर लागलीये. डांबरगोळ्या ठेवू का? आणि स्कॅन करायचं तर साध्या मशीनवर पान दाबलं की तुटेल असं वाटतं.

केळशीकर

डांबरगोळ्या कागदाला लागू देऊ नका, आणि मशीनवर पालथं घालून दाबूच नका. आधी दोन-तीन दिवस सावलीत उघडे ठेवा, ऊन नको. मऊ ब्रशने कसर झाडा. मग टेबलावर अर्धवट उघडून, खाली दोन्ही बाजूंना वह्या लावून, वरून मोबाईलने फोटो घ्या, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद. मी वडिलांच्या पोथ्या अशाच केल्यात. मिरजेला यायचं असेल तर येतो, रविवार मोकळा आहे.

वैदेही_ना

जांभळ्या रेघांचं पान सगळ्यात आधी घे.